पुन्हा पाहिलेले चित्रपट : दुसऱ्या वेळी तुमची नजर कोणाकडे गेली?

मुक्तछंद :

गेले काही दिवस मी नव्या चित्रपटांच्या मागे न लागता पूर्वी पाहिलेले आणि आवडलेले चित्रपट मुद्दाम पुन्हा पाहत आहे. कथा ठाऊक, शेवट ठाऊक, काही संवादही ठाऊक. तरीही त्यांतल्या काही चित्रपटांनी मला पहिल्या वेळेपेक्षा अधिक धरून ठेवले. त्याचे कारण शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की दुसऱ्या वेळी मी कथेतल्या वेगळ्याच माणसाकडे पाहत होतो. आपल्यापैकी आणखी कोणाला असा अनुभव आला आहे का, आणि कोणत्या चित्रपटाच्या बाबतीत, हे जाणून घ्यायला मला मनापासून आवडेल.

मला काय म्हणायचे आहे ते असगर फरहादी यांच्या 'अ सेपरेशन' (२०११) या इराणी चित्रपटावरून सांगतो. तेहरानमधल्या सिमीनला मुलीला घेऊन देश सोडायचा आहे, आणि तिचा नवरा नादेर स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना टाकून जायला तयार नाही. ती माहेरी निघून गेल्यावर वडिलांच्या देखभालीसाठी रझिये नावाची गरोदर बाई कामाला येते. एके दिवशी नादेर घरी येतो तर वडील पलंगाला बांधलेले आणि बाई बाहेर गेलेली. ती परतल्यावर तो तिला दाराबाहेर ढकलतो, पुढे तिचा गर्भ जातो आणि प्रकरण न्यायालयात पोहोचते. पहिल्यांदा पाहताना माझे सारे लक्ष खरे कोण बोलत आहे या एकाच गोष्टीकडे होते. धक्क्यानेच गर्भ गेला का, ती गरोदर असल्याचे नादेरला ठाऊक होते का, या प्रश्नांमागे मी धावत होतो.

दुसऱ्या वेळी उत्तरे हाताशी होती, त्यामुळे डोळे मोकळे झाले. सिमीन घर सोडते तेव्हा पियानो उतरवणारे हमाल ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागतात आणि ती खणातून नोटा काढून त्यांना देते. पुढे ज्या पैशांच्या चोरीचा आळ रझियेवर येतो ते हेच पैसे. दिग्दर्शकाने हे लपवलेले नाही. सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडते, पण नवराबायकोच्या ताणाकडे लक्ष लागलेले असल्यामुळे तो क्षण हातून निसटतो. दुसऱ्या वेळी मला सर्वांत अधिक दिसली ती त्यांची अकरा वर्षांची मुलगी तेर्मे. ती जवळजवळ प्रत्येक प्रसंगाच्या कडेला उभी आहे. दारात, जिन्यात, गाडीच्या मागच्या आसनावर. मोठ्यांच्या बोलण्यातली विसंगती तिच्या ध्यानात येते, वडिलांना ती सरळ प्रश्न विचारते, आणि अखेर त्यांना वाचवण्यासाठी न्यायाधीशासमोर खोटे बोलते. त्यानंतर गाडीत तिच्या डोळ्यांतून ओघळणारे पाणी मी पहिल्या वेळीही पाहिले होते. पण चित्रपटभर ती जे साठवत आली होती त्याचा तो शेवट आहे, हे दुसऱ्या वेळीच ध्यानात आले.

असाच अनुभव यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'ने (१९५३) दिला. ओनोमिचीहून टोकियोला मुलांकडे आलेल्या वृद्ध आईवडिलांची ही कथा पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात थोरली मुलगी शिगे खुपते, आणि दिवंगत मुलाची पत्नी नोरिको घर करते. शिगेच्या नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी महागाचा खाऊ आणला तर ती कुरकुरते. आई अत्यवस्थ असल्याचे कळल्यावर गावी निघताना ती सुतकाचे कपडे बरोबर घ्यावेत का, असे भावाला विचारते. या वेळी मी शिगेला नीट पाहिले. केशरचनेचे दुकान चालवणारी, सतत कामात असलेली, हिशेबी आणि फटकळ बाई आहे ती. पण दुष्ट नाही. आई गेल्यावर ती रडते, ते रडणे खरे आहे. थोड्याच वेळाने जेवताना ती आईची कोणती वस्त्रे आठवण म्हणून हवीत ते सांगते, तेही तितकेच खरे आहे. ओझूंनी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत आणि आपला कौल कोणत्याच बाजूने दिलेला नाही. शिगेवर संतापलेल्या तिच्या धाकट्या बहिणीची, क्योकोची, समजूत घालताना नोरिको म्हणते त्याचा आशय असा की, मुले मोठी झाली की त्यांचा संसार वेगळा होतो आणि शिगेच्या मनात वाईट काही नाही. पहिल्या वेळी मला हा नोरिकोचा चांगुलपणा वाटला होता. आता तो चित्रपटाचा स्वतःचा दृष्टिकोन वाटतो.

माझा प्रश्न दुहेरी आहे. एक तर असे चित्रपट सुचवा, आणि त्यात दुसऱ्या वेळी कोण दिसले ते सांगा. दुसरे म्हणजे, हा बदल दिग्दर्शकाने आधीच चित्रपटात पेरून ठेवलेला असतो, की मधल्या काळात वाढलेल्या आपल्या वयाने घडवलेला असतो?


अनुस्वार :

मुक्तछंद, आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. माझ्या मते हा बदल मुख्यत्वे दिग्दर्शकाचे काम असते, आणि त्याचे साधन असते चौकट, म्हणजे कॅमेरा एका वेळी दाखवतो तेवढे दृश्य. चौकटीत एकाच माणसाचा चेहरा भरून टाकला तर प्रेक्षकाला दुसरीकडे पाहण्याची मुभाच उरत नाही, मग तो चित्रपट कितीही वेळा पाहिला तरी तोच चेहरा दिसतो. कॅमेरा दूर आणि स्थिर ठेवला, प्रसंग न तोडता चालू दिला, तर कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागते, आणि दुसऱ्या वेळी तो वेगळे ठरवू शकतो.

याचे मराठीतले सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). तो मी अलीकडेच पुन्हा पाहिला. मॅनहोल साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूनंतर लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप ठेवला जातो की त्यांच्या गाण्यानेच तो आत्महत्येला प्रवृत्त झाला. पहिल्यांदा पाहणारा स्वाभाविकपणे कांबळे आणि त्यांचे वकील विनय व्होरा यांच्या बाजूने बसतो. वीरा साथीदार यांनी साकारलेले कांबळे विसरता येणारेच नाहीत. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते आणि २०२१ मध्ये आपल्यातून गेले. या भूमिकेत त्यांचा आवाज आणि उभे राहण्याची ढब यांत अभिनयाचा लवलेश जाणवत नाही.

या वेळी मात्र मी चित्रपटभर सरकारी वकील नूतन यांच्यामागे होतो. गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका कशी केली आहे ते बारकाईने पाहावे. न्यायालयात त्या कायद्याची कलमे एका सुरात, श्वासही न घेता वाचत जातात, आणि त्या वाचनात द्वेष नाही, आवेश नाही, नेहमीचे काम उरकण्याची सवय आहे. मग कॅमेरा त्यांच्याबरोबर न्यायालयाबाहेर पडतो. त्या लोकलमध्ये बसतात, पाळणाघरातून मुलाला घेतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना आरोपीला वीस वर्षे ठोठावून प्रकरण मिटवावे, अशा अर्थाचे त्या सहज बोलून जातात. तेच ते चेहरे पाहून त्यांना कंटाळा आला आहे, एवढेच कारण. पहिल्या वेळी या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला होता. आता त्यांचा दिवसभराचा शीण पाहिल्यानंतर ते वाक्य ऐकले, आणि ते अधिक भयंकर वाटले, कारण ते आपल्या ओळखीतल्या, आपल्याला आवडू शकेल अशा बाईच्या तोंडचे आहे. ताम्हाणे यांनी त्यांना खलनायिका केले असते तर आपण सगळे सुटलो असतो.

शेवटाकडे सुटीपूर्वीचे कामकाज संपते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि तरीही कॅमेरा हलत नाही. चित्रपट इथेच संपला असे वाटते. मग न्यायाधीश सदावर्ते सहलीला गेलेले दिसतात, एका परिचिताच्या मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा उपाय सुचवतात. बाकावर डुलकी लागली असता मुले कानाशी ओरडतात म्हणून ते एका मुलाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा झोपी जातात. हा भाग अनेकांना अनावश्यक वाटतो. माझे मत अगदी उलट आहे. या भागाशिवाय 'कोर्ट' हा एका खटल्याचा चित्रपट राहिला असता.


दीपमाळ :

चर्चा वाचून आनंद झाला. अनुस्वार यांच्या मांडणीला एक पुरवणी जोडते. स्थिर आणि दूरच्या चौकटीमुळे दुसरे पाहणे शक्य होते हे मान्य. पण कॅमेरा सतत जवळ येत जाणारा चित्रपटही ही मुभा देऊ शकतो, आणि माझे उदाहरण तर पूर्णपणे उत्कंठेवर उभ्या असलेल्या चित्रपटाचे आहे.

सिडनी ल्युमेट यांचा '१२ अँग्री मेन' (१९५७) मी नुकताच पुन्हा पाहिला. बारा ज्यूरर, म्हणजे खटल्याचा निकाल देण्यासाठी निवडलेले सामान्य नागरिक, एका खोलीत बसून एका मुलाच्या जिवाचा निर्णय करतात. पहिल्या मतदानात अकरा जण मुलाला दोषी मानतात, एकटा आठवा ज्यूरर मानत नाही, आणि अखेर काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. ९६ मिनिटांच्या या चित्रपटातली अगदी थोडी मिनिटे त्या खोलीबाहेर घडतात. ल्युमेट यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर होता, मग तो डोळ्यांच्या पातळीवर आला आणि शेवटच्या भागात त्याच्याही खाली गेला. त्याबरोबरच ते अधिकाधिक लांब पल्ल्याची भिंगे वापरत गेले. परिणाम असा की भिंती माणसांच्या जवळ सरकत आल्यासारख्या वाटतात आणि शेवटी छतही दिसू लागते. पहिल्या वेळी हे डोळ्यांना कळत नाही, छातीवरच्या दडपणाला कळते.

दुसऱ्या वेळी हेन्री फोंडा यांच्या आठव्या ज्यूररवरून माझी नजर हलली आणि चौथ्या ज्यूररवर स्थिरावली. ई. जी. मार्शल यांनी साकारलेला हा गृहस्थ शांत, मुद्देसूद आणि सभ्य आहे. इतर जण उकाड्याने हैराण झाले असता तो कोटही काढत नाही, आणि तुम्हाला घाम येत नाही का असे विचारल्यावर येत नाही म्हणून सांगतो. आरोपी मुलाविरुद्ध त्याचा एक मुद्दा असा की, त्या रात्री पाहिलेल्या चित्रपटांची नावे मुलाला सांगता आली नाहीत. तेव्हा आठवा ज्यूरर त्यालाच विचारतो, तुम्ही गेल्या काही दिवसांत रात्री काय काय केले? उलट मोजत मोजत तो आपण पाहिलेल्या चित्रपटापर्यंत येतो, नाव सांगतो आणि चुकते, कलाकारांची नावे आठवत नाहीत. आणि त्याच्यावर तर कोणताही ताण नव्हता. तो रुमाल काढून कपाळ टिपतो. आपण सगळे पाहिलेल्या चित्रपटांविषयीच बोलत असताना हा प्रसंग मला अगदी जवळचा वाटला. आपण जे पाहिले ते आपल्याला खरोखर किती आठवते, हा प्रश्न त्या खोलीत एका मुलाच्या देहदंडाशी जोडलेला आहे.

आणखी एक बारकावा पुन्हा पाहणाऱ्यांसाठी सांगते. चष्मा काढून नाकाचा वरचा भाग चोळण्याची चौथ्या ज्यूररला सवय आहे. ज्या खुणेवरून पुढे महत्त्वाच्या साक्षीदार बाईची साक्ष डळमळते, ती खूण म्हाताऱ्या नवव्या ज्यूररला सर्वप्रथम त्याच्याच चेहऱ्यामुळे सुचते. आणि वाजवी शंका दिसताच तो आपले मत बदलतो. त्यात कुठेही हरल्याची भावना नाही. विरोधकाचे इतके सन्मानाने केलेले चित्रण न्यायालयीन चित्रपटांत मला फारसे आढळलेले नाही. तिसऱ्या ज्यूररचा उद्रेक सर्वांच्या लक्षात राहतो, आणि ली जे. कॉब यांचे ते काम आहेच तसे. परंतु चित्रपटाचा नैतिक काटा मला चौथ्या ज्यूररपाशी हललेला दिसतो.


रानवारा :

मी वयाच्या बाजूने बोलतो, कारण आतापर्यंतच्या दोन्ही उत्तरांत तो मुद्दा मागे पडला आहे.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) लहानपणी पाहिला तेव्हा तो माझ्यापुरता अपू आणि दुर्गा या भावंडांचा चित्रपट होता. काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून धावत जाऊन दोघे आगगाडी पाहतात, त्यापलीकडे मला काही नको होते. आता स्वतः पालक झाल्यावर तो पुन्हा पाहिला आणि मला प्रत्येक प्रसंगात सर्वजया दिसू लागली. करुणा बॅनर्जी यांनी साकारलेली ही आई अभावाने कठोर झालेली आहे. नवरा हरिहर भला आणि स्वप्नाळू. घरात तांदूळ आहे की नाही याची काळजी एकटीची. नात्यातली वृद्ध इंदिर ठाकरून आजारी अवस्थेत परत येते आणि राहू देण्याची विनवणी करते, तेव्हा सर्वजया तिला थारा देत नाही. म्हातारी पाणी पिते, उरलेले पाणी अंगणातल्या रोपाला घालते आणि निघून जाते. लहानपणी त्या प्रसंगी मला सर्वजयेचा राग आला होता. आता मी त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. आपण काय करत आहोत हे तिला पुरते कळते आहे, आणि तरीही ती उठत नाही. चुनीबाला देवींच्या इंदिर ठाकरूनचे कौतुक होते आणि व्हायलाच हवे (चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले, ही हळहळ कायमची), परंतु समोर सर्वजयेचे ते अवघडलेले मौन नसते तर तो प्रसंग एवढा खोल उतरला नसता.

दुर्गेच्या मृत्यूनंतर हरिहर घरी परततो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो. ती साडी तोंडाशी धरून सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या जागी रविशंकर यांच्या संगीतातली तारशहनाई (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) उंच स्वरात वाजते. राय यांनी आवाज का काढून घेतला याची तांत्रिक कारणमीमांसा करता येईल. मला एवढेच जाणवले की चित्रपटभर जिचे रागावणे, ओरडणे, पुटपुटणे आपण ऐकत आलो, तिच्या या एका क्षणी तिचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही. लहानपणी मी हा प्रसंग पाहिला होता, पण तेव्हा मी दुर्गेसाठी रडलो होतो.

चित्रपटाची एकही चौकट बदललेली नाही. म्हणून मी म्हणतो की वय मोजलेच पाहिजे.


मुक्तछंद :

तिघांचेही आभार. रानवारा, आपल्या सर्वजयेमुळे मला डॉ. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) आठवला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि सुलभा महाजनच्या भूमिकेत स्मिता पाटील. घर आणि लहान मुलगी मागे ठेवून सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून रुजू होते, तिथल्या भ्रष्टाचाराशी आणि उदासीनतेशी झगडते आणि परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. पहिल्या वेळी मी पूर्णपणे सुलभेच्या बरोबर होतो, आजही आहे. या वेळी मात्र गिरीश कार्नाड यांनी साकारलेला नवरा मी लक्ष देऊन पाहिला. तो हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. पत्नीच्या गैरहजेरीत आपले दुसऱ्या स्त्रीशी संबंध जुळले, हे तो समजूतदार माणसाच्या स्वरात सांगतो आणि तिनेही ते समजुतीने घ्यावे अशी त्याची अपेक्षा असते. त्या सौम्य स्वरामुळेच सुलभेला भांडायलाही जागा उरत नाही. खलनायकावाचून एवढा अन्याय दाखवणे किती कठीण असते हे मला या वेळी कळले. शेवटी आगगाडीत बसलेल्या स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर विजय नाही आणि पराभवही नाही, आणि त्यावर लिहायचे तर वेगळा विषय काढावा लागेल.

अनुस्वार यांचा चौकटीचा मुद्दा आणि रानवारा यांचा वयाचा मुद्दा मला एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. दिग्दर्शकाने सर्वजयेला तेवढी जागा आणि तेवढा वेळ दिला नसता, तर वय वाढूनही ती दिसली नसती.


सांजवेळ :

सर्वांची मते आवडली, तरी मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. चित्रपट दुसऱ्या वेळी मोठा वाटण्यासाठी नवे पात्र दिसायलाच हवे असे नाही. कधी कधी तीच माणसे दिसतात आणि कथेचे ओझे मात्र दुप्पट होते.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) मी पुन्हा पाहिला. आर्ची आणि परश्या यांच्यावरून माझी नजर क्षणभरही हटली नाही. पूर्वार्धातली गाणी, विहिरीतली उडी, अजय-अतुल यांचे भव्य वाद्यमेळाचे संगीत, हे सगळे पहिल्या वेळी निखळ आनंदाचे होते. शेवट ठाऊक असताना तो आनंद पाहणे फार जड गेले. आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो आणि त्याबद्दल घरी त्याचे कौतुक होते. पहिल्या वेळी हा प्रसंग गावातल्या दांडगाईचा एक नमुना म्हणून नजरेखालून गेला होता. दुसऱ्या वेळी कळते की शेवटच्या प्रसंगाचा निकाल त्याच दिवशी लागला होता. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा करते, आणि त्यानंतर आवाज पूर्णपणे थांबतो. आर्ची-परश्याचे लहान मूल शेजारणीबरोबर परत येते तो सारा वेळ पडद्यावर नि:शब्द शांतता आहे. पहिल्या वेळी त्या शांततेने धक्का दिला. दुसऱ्या वेळी चहाचे कप दिसले तेव्हाच माझा धीर सुटला.

एक विनंतीही करते. पुन्हा पाहण्याच्या नादात नव्या चित्रपटांकडे पाठ फिरवू नये. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४) मी प्रथमच पाहिला. कान महोत्सवात ग्रांप्री पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात दोन मल्याळी परिचारिका केंद्रस्थानी आहेत, तरी छाया कदम यांची पार्वती पहिल्याच पाहण्यात मनात ठाण मांडून बसते. रुग्णालयात स्वयंपाक करणारी ही विधवा मुंबईतल्या घरात वर्षानुवर्षे राहिली, पण ते घर तिचे असल्याचा एकही कागद तिच्याजवळ नाही. अखेर ती कोकणातल्या गावी परत जाते. काही दिग्दर्शक कडेच्या माणसाला पहिल्या वेळीच पुढे बोलावतात.


दीपमाळ :

सांजवेळ, चहाच्या कपांविषयी आपण लिहिले ते अगदी पटले. आपला विरोध मान्य करूनही मुक्तछंद यांना एक चित्रपट सुचवते, कारण त्यात कडेच्या माणसांकडे पाहण्याची सोय दिग्दर्शकाने रचनेतच करून ठेवली आहे. अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू' (१९५२) आपण पाहिलेला असेलच. तो आता त्यातल्या कारकुनांसाठी पुन्हा पाहावा.

कर्करोग झालेला सरकारी अधिकारी वातानाबे उरलेल्या दिवसांत मुलांसाठी एक बाग उभी करायचे ठरवतो, हे सर्वांना आठवते. ताकाशी शिमुरा हिमवर्षावात झोपाळ्यावर बसून गातात, तेही आठवते. परंतु चित्रपटाचा बराच भाग शिल्लक असतानाच वातानाबेचा मृत्यू होतो, आणि उरलेला सारा वेळ त्याच्या फोटोसमोर जमलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात जातो. बागेचे श्रेय वरिष्ठांनी आधीच लाटलेले असते. वरिष्ठ उठून गेल्यावर कारकून पिऊ लागतात, प्रत्येकाला एकेक प्रसंग आठवतो, आणि ते तुकडे जुळवत जुळवत वातानाबेला आपला आजार ठाऊक होता या निष्कर्षाला येतात. रात्र चढते तसे ते रडतात आणि आपणही त्याच्यासारखे काम करू, अशा शपथा घेतात.

त्यानंतरच्या दिवसाचा प्रसंग मला पहिल्या वेळी नीटसा आठवतही नव्हता. कार्यालयात तक्रार घेऊन लोक येतात आणि नवा विभागप्रमुख त्यांना शांतपणे दुसऱ्या विभागाकडे पाठवायला सांगतो. किमुरा नावाचा एक कारकून ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे पाहतात, काही बोलत नाहीत, आणि तो हळूहळू खाली बसतो, इतका खाली की कागदांच्या ढिगाऱ्यामागे त्याचा चेहरा दिसेनासा होतो. वातानाबेसारखे वागणे दुर्मीळ का असते याचे उत्तर मला झोपाळ्याच्या प्रसंगापेक्षा इथे अधिक स्पष्ट मिळाले. आपण पुन्हा पाहाल तेव्हा त्या रात्रीच्या बैठकीतही किमुरावर लक्ष ठेवावे. वातानाबेची बाजू घेऊन तो तिथेही बोलत असतो. आवाज मात्र इतरांचाच मोठा असतो.